मिलिंदचा डावा हात

मिलिंद,

मंगळवारी तुला शेवटची आंघोळ घालताना मी तिथे होतो. तुझे मोठे भाऊ दादाराव, तुझा तबलजी आणि मी, असे तिघं. दादारावांनी मला अंगणातून मुद्दाम आत बोलावलं. ‘अरुणभाऊ, तुमी बी हात लावा. तुमचा हक्क हाये,’ म्हणाले. अमरावतीहून अकोल्याला येईपर्यंत मी एकदाही रडलो नव्हतो, आणि आतही रडायचं नाही असं ठरवूनच गेलो. पाणी घालून झालं, अंग पुसून झालं. मग तुझा कार्यक्रमाचा पांढरा सदरा घालायला घेतला. उजवा हात बाहीत गेला. डावा जाईना. अंग ताठलं असेल असं वाटून मी तुझं कोपर धरलं आणि जरा दाबलं. तेव्हा दादाराव अगदी शांतपणे म्हणाले,

‘जोर नका लावू. थो हात सरळ होत नाई. पयलेपासूनच नाई होत.’

मी विचारलं, पयलेपासून म्हणजे केव्हापासून. तर म्हणाले, सहा-सात वर्षांचा होतास, तेल्हाऱ्याकडे तुमच्या गावी कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून खाली पडलास, गावातल्याच कुणीतरी हाड बसवलं, ते जसं बसलं तसंच राहिलं. त्यांनी तुझी बाही सवयीने कोपरापासून वळवून घातली. लहानपणी शाळेचा सदराही तेच घालून देत असतील. मी ओल्या फरशीवर खाली बसलो. तबलजीने मला धरलं, कुणी पाणी आणलं. सगळ्यांना वाटलं, मित्र गेला म्हणून बसला.

आता ऐक. तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते आज सांगतो, आणि तू काहीही बोलू शकणार नाहीस तेव्हाच सांगतो, यावरून मी किती शूर आहे ते तुला कळेलच. त्या वर्षी निवड समितीला तुझ्या डाव्या हाताच्या फिरकीबद्दल सांगणारा मी होतो. ‘आत येणारा चेंडू टाकताना त्याचा हात वाकलेला दिसतो,’ हे वाक्य माझं. त्या वाक्यानंतर तुला कुणी संघात घेतलं नाही.

तुला नियम सांगायची गरज नाही. पण गेले चार दिवस मी तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगतो आहे. हात वाकडा असण्याला नियमाची हरकत नाही. वाकवलेला हात चेंडू सोडताना सरळ केला, झटका दिला, तर तो फेकला म्हणायचं. ज्याचा हात सरळच होत नाही तो फेकणार कसा? तू एकही चेंडू फेकला नाहीस. नऊ वर्षांत एकही नाही. आणि नऊ वर्षं स्टंपांच्या मागे, तुझ्या बरोब्बर समोर, बावीस यार्डांवर उकिडवा बसून तुझा प्रत्येक चेंडू पाहणारा माणूस मी. मला हात वाकलेला दिसला, तो वाकडा आहे हे दिसलं नाही.

का दिसलं नाही, ते सांगतो. मला त्याचीच जास्त चीड येते.

तू कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचास, मनगटावर बटण लावून. मे महिन्यात, अमरावतीच्या उन्हात, काळ्या मातीवर अंथरलेल्या मॅटिंगवरून वाफा निघत असताना आम्ही बनियनवर यायचंच काय ते बाकी ठेवायचो आणि तू बटण लावून उभा. मैदानावर नसलास की डावा हात पँटच्या खिशात. आम्ही तुला साहेब म्हणायचो. सामना संपला की सगळी टोळी नळाखाली, विहिरीवर, जिथे पाणी असेल तिथे कपडे काढून आंघोळीला. तू कधीच नाही. तू पॅव्हेलियनच्या म्हणजे त्या पत्र्याच्या शेडच्या मागे जायचास आणि ओल्या पंच्याने तोंड पुसून यायचास.

मला वाटायचं, मला कारण माहीत आहे. तू बौद्ध घरातला, आम्ही बहुतेक कुणब्यांची नाहीतर पेठेतल्या दुकानदारांची पोरं. गावात विहिरीवर काय काय होतं ते मला अंजनगावात राहून चांगलं माहीत होतं. मी समजलो की तू तुझ्या मानाने बाजूला राहतोस, कुणी काही बोलण्याआधी. आणि मी ठरवलं की आपण हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. मी स्वतःला फार समजूतदार समजत होतो रे. इतर पोरं अडाणी, आणि मी मात्र न बोलता जाणणारा.

वरूडला संत्र्यांच्या मोठ्या बागेच्या मालकाने आपल्या संघाला जेवायला ठेवलं होतं तो दिवस आठवतो का? जेवणाआधी सगळे त्याच्या विहिरीत उड्या मारत होते. तू बांधावर बसून संत्रं सोलत होतास, उजव्याच हाताने, नखाने. आपल्या फास्ट बॉलरने तिथून ओरडून विचारलं की तुले पान्याची शिवाशिव झाली का बे. मी विहिरीतून वर आलो आणि तसाच ओल्या अंगाने त्याच्या कानाखाली वाजवली. मग मालक मध्ये पडला. परतीच्या ट्रॅक्टरवर तू माझ्या शेजारी बसलास आणि म्हणालास,

‘काहून मारलं बे त्याले? थो गमतीनं म्हने.’

 मला वाटलं, बघा, किती मोठ्या मनाचा आहे. मला माझाच अभिमान वाटत होता, त्याचा थोडा तुलाही देऊन टाकला. त्या ट्रॅक्टरवर मी फक्त एवढं विचारलं असतं, मिल्या, तू आंघोळीला का येत नाहीस, तर तू सांगितलं असतंस. मला आज खात्री वाटते. तू बाही वर करून दाखवली असतीस आणि हसला असतास. पण मी माझ्या समजूतदारपणात इतका गुंग होतो की तुझ्या हाताकडे पाहायला मला सवड झाली नाही.

आता तू म्हणशील, मास्तर, स्वतःला शिव्या देणं पुरे, मुद्द्यावर ये. येतो.

त्या वर्षी अकोल्याला आपण फायनल खेळलो. तू सात बळी घेतलेस, त्यातले तीन माझ्या हातून स्टंपिंग. समोरच्या संघाच्या कप्तानाने सामना संपल्यावर पंचांकडे तक्रार केली की डावखुऱ्याचा चेंडू साफ नाही. पुढच्या आठवड्यात निवड समितीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बोलावून घेतलं. विदर्भाच्या संघासाठी शिबिराची यादी करायची होती. खोलीत ते आणि मी. त्यांनी फार प्रेमाने विचारलं की बाबा, तुझ्याइतकं जवळून त्याला कुणी पाहिलेलं नाही, तू खरं सांग, आम्ही तुझ्यावर सोडतो. एखादा महिना शिबिरात घालू, दोष असला तर काढू, मग खेळवू.  मनात हे आलं की मी त्याची बाजू घेतली तर हे म्हणतील, मित्र आहे म्हणून झाकतो. मला खरं बोलणारा म्हणून ओळख हवी होती. मग मी ते वाक्य बोललो.

शिबिराच्या यादीत तुझं नाव नव्हतं. माझं होतं.

तुला कुणी बोलावलं नाही, विचारलं नाही, पत्र नाही, काही नाही. माझी उत्तरं घेऊन त्यांनी तुझी परीक्षा संपवून टाकली. मी विदर्भाकडून दोन सामने खेळलो, त्यातल्या एकात शून्यावर बाद झालो आणि दुसऱ्यात एक सोपा झेल सोडला, आणि मग मलाही कुणी बोलावलं नाही. या दोन सामन्यांच्या प्रमाणपत्रावर मला शाळेत नोकरी लागली. तू अकोल्यात एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची नोंद करायला लागलास.

त्यानंतर दीड वर्ष तू मला भेटला नाहीस. मी पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, त्यात फक्त तुझ्या आईची तब्येत होती. मग एका एप्रिलमध्ये मी अंजनगावला घरी आलो होतो आणि जवळच्या खेड्यात जयंतीचा कार्यक्रम होता. संध्याकाळचं ऊन अजून पत्र्यांवर होतं. लाउडस्पीकरवरून गाण्याचा आवाज येत होता आणि तो आवाज मी ओळखला नाही. आवाज मला कसा ओळखू येणार? मैदानावर तू आयुष्यात मोठ्याने अपीलसुद्धा केलं नाहीस, ते काम माझं. मी सायकल घेऊन तिकडे गेलो तर स्टेजवर तू. पांढरा सदरा, पूर्ण बाह्या. उजवा हात वर, डावा खिशात.

पहिलं कडवं तू इतकं हळू घेतलंस की लोक चुळबुळ करायला लागले. मग मला हसू आलं. मला एकट्यालाच कळलं तू काय करतो आहेस ते. तू चेंडू हवेत उंच सोडत होतास. पुढे या, म्हणत होतास. दुसऱ्या कडव्यात थोडा वेग वाढवलास, आणि तिसऱ्यात तो आत आला. बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मागचे कोरसवाले तुझ्या चुलत्याची पोरं, त्यांना तू नजरेनेच मागेपुढे सरकवत होतास, पॉइंटला जा, स्लिपला ये, तसं. गाणं तुझंच होतं. त्याची दोन ओळींची सुरुवात मला पाठ आहे:

माह्या मायचं गानं लोकाच्या वावरात रायलं,
मी आनाले गेलो त धुऱ्यावर उभं पायलं.

मी मराठीचा मास्तर. आयुष्यभर पोरांना रसग्रहण शिकवलं. वावर म्हणजे शेत आणि धुरा म्हणजे बांध, एवढं फळ्यावर लिहून देईन, पण या दोन ओळींवर मला आजवर चार वाक्यं नीट लिहिता आलेली नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर आपण शाळेच्या ओट्यावर बसलो. तू पाणी पीत होतास, घसा खरखरत होता. तू इकडचं तिकडचं बोललास आणि मग म्हणालास,

‘अरुण, माह्या हाताबद्दल कोन सांगतलं असन रे त्याईले?’

मी म्हणालो, ‘मले नाई मालूम.’

तू मान हलवलीस. म्हणालास, जाऊ दे, ज्यानं सांगितलं त्याला काहीतरी दिसलंच असेल. मग तुझ्या कोरसच्या पोरांपैकी कुणीतरी हाक मारली आणि तू उठून गेलास. मिलिंद, तो क्षण मी किती वेळा परत बोलून पाहिला आहे. वर्गात फळ्यावर लिहिताना, एसटीत, आंघोळ करताना. दर वेळी मी बरोबर उत्तर देतो. दर वेळी तू मला एक शिवी देतोस, मग आपण चहा प्यायला जातो. खऱ्या आयुष्यात तीन शब्दांत मी पळून गेलो, आणि त्यानंतर तीस वर्षं माझ्याकडे वेळच वेळ होता.

वेळ नव्हता असं कुठल्या तोंडाने म्हणू? तू माझ्या घरी राहायचास. अमरावतीत तुझा कार्यक्रम असला की हॉटेल नाही, लॉज नाही, सरळ माझ्याकडे. माझ्या बायकोला सांगून ठेवायचास की वयनी, ज्वारीची भाकर करा, पोळी नको, पोळीनं आवाज बसते. माझ्या मुलीला तू हार्मोनियमवर बोटं ठेवायला शिकवलंस. मी तुझ्या गाण्यांच्या वह्या तपासायचो आणि लाल पेनने खुणा करायचो, तू त्या वह्या परत घेताना म्हणायचास की मास्तर, तुह्या खुणा छान दिसतात, पण मी आपलं माह्याच हिशोबाने म्हनीन. आणि म्हणायचासच.

माझी आई गेली तेव्हा तू अंजनगावला आलास. याच आईने कॉलेजच्या दिवसांत तुझ्यासाठी वेगळा स्टीलचा ग्लास ठेवला होता. मला ते दोन वर्षांनी कळलं, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू एक शब्द काढला नाहीस. मी आईशी भांडलो तेव्हा तूच मला गप्प केलंस, म्हणालास, मायले शिकवू नको बे, ती शिकन तिच्या तिच्यानं. शिकली का ते मला ठाऊक नाही. पण तिच्या तेरवीला भजनी मंडळातला मुख्य गाणारा आजारी पडला आणि माणसं नुसती बसून राहिली, तेव्हा तू कोपऱ्यातून उठलास आणि न विचारता गायला बसलास. नात्यातले दोघंतिघं उठून बाहेर गेले. माझे वडील, जे आयुष्यात कुणासाठी जागचे हलले नव्हते, ते काठी टेकत आले आणि तुझ्या शेजारी बसले. तू पाऊण तास गायलास. वडील नंतर म्हणाले, हा पोट्टा आपल्या घरचा होये. तुझ्यासमोर नाही म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले, आणि मी तेही तुला सांगितलं नाही. न सांगितलेल्या गोष्टींची माझ्याकडे गोणीच आहे.

त्या रात्री तरी सांगायला हवं होतं. ज्या माणसाने माझ्या आईसाठी गायलं त्याला मी सांगू शकलो नाही की तुझं क्रिकेट मी संपवलं. उलट मी तुला म्हणत राहिलो, मैदानावर ये, पोरांना शिकव, तुझी फिरकी तुझ्याबरोबर मरू देऊ नको. किती वेळा भांडलो आपण यावरून. दर वेळी तुझं एकच, धुळीनं गळा बसते. मी चिडायचो. एकदा तर मी म्हणालो, तू भित्रा आहेस, लोक काय म्हणतील म्हणून मैदानाला घाबरतोस. मी. मी तुला भित्रा म्हणालो. तू फक्त उठून माझ्या खिडकीत उभा राहिलास. मग विषय बदललास.

मूर्तिजापूरला दुय्यमचा सामना होता, दोन गायन पार्ट्या समोरासमोर, एकीने गाण्यातून सवाल करायचा आणि दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. समोरच्या गायकाने तुला हिणवण्यासाठी कडवं रचून आणलं होतं की मैदानातून हाकललेला आता स्टेजवर आला. लोक हसले. मी पहिल्या रांगेत होतो. तू हसून मान डोलावलीस, दाद दिलीस त्याला. मग माईक घेतलास आणि म्हणालास, हो भाऊ, हाकललं, म्हणून तर तुमच्यापर्यंत पोहोचलो. आणि असं काही गायलास की शेवटी तोच गायक उठून तुझ्या गळ्यात पडला. लोक मला म्हणत होते, मास्तर, तुमच्या दोस्तानं कमाल केली. मी टाळ्या वाजवत होतो. माझे हात दुखेपर्यंत वाजवल्या. माझ्यापेक्षा जास्त कुणी वाजवल्या नाहीत.

कधी कधी मी स्वतःला समजावायचो की बरंच झालं. क्रिकेट खेळत राहिला असता तर पस्तिशीत संपला असता, कुठेतरी कारकून झाला असता. गाण्याने त्याला गावोगावी नेलं, म्हातारपणापर्यंत. हजारो लोकांनी ऐकलं. म्हणजे मी तुझं भलंच केलं. हा युक्तिवाद मी अनेक वर्षं बाळगला, पाळला, पोसला. मंगळवारी तुझं कोपर हातात आलं आणि तो संपला. तू गायलास ते माझ्यामुळे नाही. मी काही केलं असेल तर एवढंच, की एका माणसाच्या हातातून त्याला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट काढून घेतली, आणि उरलेल्या रिकाम्या हातांनी त्याने जे केलं त्याचं श्रेयही घ्यायला निघालो.

तीन आठवड्यांपूर्वी तू अमरावतीत आला होतास. आपण स्टँडजवळ बसून आलुबोंडे खाल्ले. पुन्हा तेच जुनं भांडण. अकोल्याच्या फायनलमधलं ते तिसरं स्टंपिंग. मी म्हणत होतो, चेंडू वळला म्हणून तो चुकला. तू म्हणत होतास, अजिबात वळला नाही, सरळ गेला, तो वळेल या भीतीने खेळला म्हणून चुकला. मी टेबलावर मिठाची डबी आणि दोन ग्लास मांडून सिद्ध करायला गेलो. तू ग्लास उचललास, पाणी प्यायलास आणि म्हणालास,

‘तुले सरळ गेलेला चेंडू बी वळताना दिसते बे. नऊ वर्षं काय पायलं तू?’

मी हसलो होतो. तूही. मला वाटतं तू गंमतच करत होतास. पण आता मला कशाचीच खात्री राहिलेली नाही. तुला माहीत होतं का, मिलिंद? माहीत असून तू माझ्याकडे भाकर खायला येत होतास का? की तुला कधी संशयच आला नाही? मी चार दिवस तुझं प्रत्येक वाक्य काढून तपासतो आहे, लाल पेन घेऊन बसावं तसं, आणि प्रत्येक वाक्य दोन्हीकडे लागू पडतं. तू एकदा तरी माझ्यावर ओरडला असतास तर मी सुटलो असतो. कॉलर धरून विचारायला हवं होतंस. मी खोटं बोललो असतो तर थोबाडीत मारायला हवी होतीस, डाव्या हाताने. इतकं चांगलं वागायचा तुला काय अधिकार होता?

हे बघ, मी तुझ्यावरच चिडायला लागलो.

आज मी अकोल्याला जाऊन आलो. उद्या रविवारी सकाळी तुझं पुण्यानुमोदन, म्हणजे वंदना आणि मग तुझ्याबद्दल चार जणांचं बोलणं, त्याच्या आधी शोभावहिनींना गाठून सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. तू नाहीस, तर निदान तुझ्या बायकोने मला शिव्या द्याव्यात. गाडीत वाक्यं पाठ केली. बडनेरा ओलांडेपर्यंत पहिलं वाक्य तयार झालं, मूर्तिजापूरला दुसरं. घरी गेलो तर बैठकीत तुझा फोटो, त्याला हार, दादाराव मंडपवाल्याशी बोलायला बाहेर गेलेले. वहिनी पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसलो. मी सुरुवात म्हणून हाताचा विषय काढला. म्हणालो, वहिनी, त्याच्या डाव्या हाताचं मला माहीत नव्हतं.

त्यांनी मान वर केली. त्यांना पटलं नाही. म्हणाल्या,

‘असं काहून म्हनता भाऊजी? तुमालेच तर मालूम होतं. थे मले नेहमी म्हनत, माहा हात घरच्याईनंतर एकट्या अरुणनं पायला हाये. नऊ वर्षं समोर बसून रायला, त्याले दिसल्याबिगर रायलं असन काय? पन त्यानं कदी कोनाले सांगतलं नाई. माह्याजवळ बी कदी इषय काढला नाई. असा दोस्त कोनाले भेटते?’

मी पाठ केलेली वाक्यं तोंडात होती, मिलिंद. सगळी. मी तोंड उघडलंही.

त्या पुढे बोलत राहिल्या. म्हणाल्या, यादीतून नाव गेलं तेव्हा सासूबाई म्हणत होत्या की कुणीतरी हाताचं फोडलं. तुझं उत्तर होतं, हात ठाऊक असणारा एकच माणूस आहे आणि तो फोडणारा नाही, तेव्हा कारण दुसरंच असेल. कुणी तरी काही तरी वेडंवाकडं पाहिलं असेल. त्यानंतर घरात तू कुणावरही संशय घेऊ दिला नाहीस. आणि मग वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या,

‘उद्या तुमीच बोला. भाषण नोका करू, फक्त हे हाताचं सांगा. लोकाईले मालूम होऊ द्या, तुमी कसं सांभाळलं त्याईले ते. त्याईले लय बरं वाटलं असतं.’

बाहेर मंडपाचे बांबू उतरवल्याचा आवाज येत होता. तुझी नात दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडंसं काही तरी बरं होतं, आणि ते मी आणलं होतं असं त्यांना वाटत होतं.

मी हो म्हणालो.

उद्या सकाळी अकरा वाजता. तुझी सगळी माणसं समोर बसलेली असतील, आणि वहिनी पहिल्या रांगेत. मिलिंद, मला अडव.